राक्षसभुवनची लढाई आणि ग्रीक-रोमन युद्धेतिहासाची दृष्टी : एक चिकित्सा

सारांश

१० ऑगस्ट १७६३ रोजी गोदावरीच्या काठी, आजच्या बीड जिल्ह्यातील गेवराई तालुक्यात असलेल्या राक्षसभुवन येथे मराठे आणि निजाम अली यांच्या फौजांमध्ये लढाई झाली. मराठी इतिहासलेखनात या लढाईचे स्थान निश्चित आहे. परंतु तिचे कथन मुख्यतः थोरल्या माधवरावांच्या चरित्राच्या आणि त्यानंतर झालेल्या तहाच्या अंगाने केले जाते. नदी, उतार, फौजेची विभागणी, पराभूत पक्षाची बाजू या गोष्टी मागे राहतात. प्रस्तुत लेखात थुसिडिडीस, पॉलिबियस व एरियन या प्राचीन युद्धेतिहासकारांच्या पद्धतीचा निकष लावून या कथनाची चिकित्सा केली आहे. त्याचबरोबर या पद्धतीतील कोणता भाग स्वीकारार्ह आहे आणि कोणता नाही, याचाही विचार केला आहे.

प्रस्तावना

युद्धाचा इतिहास हा राजकीय इतिहासाचा सर्वांत जुना प्रकार होय. पाश्चात्त्य इतिहासलेखनाचा आरंभच मुळी युद्धकथनातून झाला. हिरोडोटसने ग्रीक-इराणी युद्धांचा, थुसिडिडीसने अथेन्स व स्पार्टा यांच्यातील पेलोपोनेशियन युद्धाचा आणि पॉलिबियसने रोमच्या विस्ताराचा इतिहास लिहिला. मराठीतही इतिहासविषयक गद्याचा मोठा भाग युद्धप्रसंगांभोवती गुंफलेला आहे. बखरकारांनी लढाया वर्णिल्या त्या रामायण-महाभारताच्या संस्कारातून. त्यामुळे त्यांत वीरश्री आहे, उपमांची रेलचेल आहे, परंतु स्थळ, काळ आणि संख्या यांविषयी काटेकोरपणा नाही. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' प्रसिद्ध करण्यास आरंभ केला आणि बखरींपेक्षा अस्सल पत्रांना प्राधान्य दिले. वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धन दप्तरातील पत्रे उजेडात आणली. गो. स. सरदेसाई यांनी पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड संपादित केले. त्र्यं. शं. शेजवलकर यांनी पानिपतच्या अभ्यासात रणभूमी, रसद आणि भूगोल यांचा विचार केंद्रस्थानी आणला.

एवढी समृद्ध चिकित्सक परंपरा असताना राक्षसभुवनसारख्या लढाईचे प्रचलित कथन मात्र आजही पुष्कळ अंशी बखरीच्या वळणाचे राहिले आहे. पाठ्यपुस्तके, जिल्हाविषयक पुस्तिका, व्याख्याने आणि स्मरणिका यांतून हे कथन पुनःपुन्हा येते. ज्या भूमीवर ही लढाई झाली त्या भूमीतील महाविद्यालयांच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. स्थानिक इतिहासाचा विद्यार्थी प्रथम जे वाचतो त्यावर त्याची पुढील दृष्टी ठरत असते.

लढाईची पार्श्वभूमी आणि घटनाक्रम

१४ जानेवारी १७६१ च्या पानिपतनंतर मराठी सत्ता दुबळी झाली आहे असा सर्वत्र समज झाला. त्याच वर्षी नानासाहेब पेशव्यांचे निधन झाले व सोळा वर्षांच्या माधवरावांकडे पेशवेपद आले. रघुनाथराव आणि माधवराव या चुलत्या-पुतण्यांत कारभाराच्या अधिकारावरून तेढ निर्माण झाली. तिकडे निजाम अलीने १७६२ मध्ये आपला भाऊ सलाबतजंग यास बाजूस सारून सत्ता हाती घेतली. १७६० च्या उदगीरच्या लढाईत गमावलेला मुलूख परत मिळविणे हे त्याचे उद्दिष्ट होते. विठ्ठल सुंदर हा त्याचा दिवाण या धोरणाचा प्रमुख सूत्रधार होता. नागपूरकर जानोजी भोसले तसेच मिरजेचे गोपाळराव पटवर्धन हे मराठी सरदारही या वेळी निजामाच्या पक्षास मिळाले होते.

१७६३ च्या उन्हाळ्यात दोन्ही फौजांनी एकमेकांशी समोरासमोर न लढता एकमेकांचा मुलूख लुटला. मराठ्यांनी निजामाच्या राज्यात खंडण्या वसूल केल्या, तर निजामाच्या फौजेने पुणे लुटले व जाळले. पावसाळा सुरू झाल्यावर निजाम अली औरंगाबादकडे (आजचे छत्रपती संभाजीनगर) वळला. वाटेत गोदावरी होती. जानोजी भोसल्यांना मुलखाचे आश्वासन देऊन मराठ्यांनी त्यांस निजामापासून वेगळे केले. निजाम अली फौजेच्या एका भागासह नदीपार झाला. विठ्ठल सुंदर उरलेल्या फौजेसह दक्षिण काठावर राहिला. याच अवस्थेत मराठ्यांनी त्याच्यावर हल्ला केला. लढाईत रघुनाथराव शत्रूच्या वेढ्यात सापडले व माधवरावांनी चाल करून त्यांची सुटका केली, असे परंपरेने सांगितले जाते. विठ्ठल सुंदर मारला गेला. नदीला पूर असल्यामुळे पैलतीरावरील निजामाला मदत करता आली नाही. पुढे झालेल्या तहात निजामाने ८२ लक्षांचा मुलूख मराठ्यांना देण्याचे मान्य केले.

प्रचलित कथनाच्या मर्यादा

वरील घटनाक्रमाची जी मांडणी सामान्यतः आढळते तिच्यात दोन केंद्रे असतात. पहिले केंद्र म्हणजे अठरा वर्षांच्या माधवरावांचा पराक्रम. रणजित देसाई यांच्या 'स्वामी' या १९६२ च्या कादंबरीने माधवरावांची प्रतिमा मराठी वाचकाच्या मनात कायमची कोरली. त्या प्रतिमेच्या प्रकाशात राक्षसभुवन हा नायकाच्या उदयाचा प्रसंग ठरतो. दुसरे केंद्र म्हणजे तहातील रक्कम. ८२ लक्ष हा आकडा विजयाचे माप म्हणून दिला जातो.

ही दोन्ही केंद्रे चुकीची नाहीत. परंतु अपुरी आहेत. चरित्रकेंद्री कथनात लढाई का जिंकली गेली याचे उत्तर 'नायक शूर होता म्हणून' एवढेच मिळते. तहकेंद्री कथनात लढाई ही दोन वाटाघाटींमधील एक ओळ होऊन जाते. दोहोंतही गोदावरी ही केवळ पार्श्वभूमी राहते. वस्तुतः या लढाईतील सर्वांत निर्णायक घटक नदीच होती. फौज दोन काठांवर विभागली गेली नसती तर हल्ल्याचा हा क्षण मराठ्यांना लाभलाच नसता. शौर्याला संधी कोणी व कशी दिली, हा प्रश्न विचारल्याशिवाय शौर्याचेही योग्य मूल्यमापन होत नाही.

पॉलिबियसचा निकष : भूमी आणि गणित

पॉलिबियस हा स्वतः अकियन संघाचा घोडदळप्रमुख होता. इ.स.पू. १६८ च्या पिडनाच्या लढाईनंतर ओलीस म्हणून तो रोममध्ये आला आणि इ.स.पू. १४६ मध्ये कार्थेजच्या विनाशाच्या वेळी तो तेथे उपस्थित होता. ग्रंथालयात बसून युद्धाचा इतिहास लिहिणाऱ्यांवर त्याने कठोर टीका केली. हॅनिबल ज्या मार्गाने आल्प्स ओलांडून गेला तो मार्ग त्याने स्वतः पाहिला. हॅनिबलच्या सैन्याची संख्या देताना त्याने लॅसिनियम येथील, खुद्द हॅनिबलने कोरवून ठेवलेल्या ताम्रपटाचा आधार घेतला. म्हणजे शत्रूचेच साधन प्रमाण मानले.

त्याच्या चिकित्सेचा सर्वोत्कृष्ट नमुना म्हणजे कॅलिस्थेनीसने केलेल्या इससच्या लढाईच्या (इ.स.पू. ३३३) वर्णनाची त्याने केलेली तपासणी. कॅलिस्थेनीसच्या मते समुद्र व डोंगर यांच्यामधील मैदानाची रुंदी १४ स्टेडियांपेक्षा जास्त नव्हती आणि इराणी घोडदळ ३०,००० होते. पॉलिबियसने हिशेब मांडला : घोडेस्वार आठ रांगांत उभे केले तर एका स्टेडियममध्ये ८०० मावतात, म्हणजे १४ स्टेडियांत ११,२०० एवढेच. मग उरलेले घोडदळ आणि त्याखेरीज भाडोत्री पायदळ कोठे उभे होते? येथे पॉलिबियसने कॅलिस्थेनीसच्या हेतूविषयी शंका घेतली नाही. त्याने फक्त मैदान मोजले.

हाच निकष राक्षसभुवनला लावता येतो. समजा, एका उताराजवळ ५० नावा उपलब्ध होत्या, प्रत्येक नावेत २० माणसे बसत आणि पुराच्या पाण्यात जाऊन-येऊन एका फेरीस दोन तास लागत. तर दोन तासांत १,००० माणसे, म्हणजे दिवसाच्या दहा तासांत ५,००० माणसे पार होतील. यात घोडे, बैल, तोफा, दारूगोळा, तंबू आणि बाजारबुणगे यांचा हिशेब नाही. हे आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. परंतु त्यांवरून एक गोष्ट स्पष्ट होते. पावसाळ्यात मोठी फौज गोदावरी ओलांडू लागली की ती कित्येक दिवस दोन काठांवर विभागलेली राहणे अटळ होते. तेव्हा 'निजाम बेसावध होता' हे प्रचलित स्पष्टीकरण पुन्हा तपासावे लागते. प्रश्न बेसावधपणाचा होता की भर पावसाळ्यात नदी ओलांडण्याचा निर्णय घेण्याचा होता? आणि मराठ्यांचे कौशल्य केवळ हल्ल्यात होते की पाठलाग करून त्या विवक्षित दिवशी तेथे पोहोचण्यात होते? असे प्रश्न उपस्थित झाले की कथनाचा गुरुत्वमध्य बदलतो.

एरियनचा निकष : साधनांची तुलना

नदी ओलांडण्याचा प्राचीन युद्धेतिहासातील सर्वांत प्रसिद्ध प्रसंग भारतभूमीवरच घडला. इ.स.पू. ३२६ मध्ये झेलमच्या काठी अलेक्झांडर आणि पोरस समोरासमोर आले. एरियनने दिलेल्या वृत्तान्तानुसार अलेक्झांडरने अनेक रात्री काठावरून घोडदळ फिरवून व आरडाओरड करून पोरसला थकविले; क्रॅटेरसला मूळ छावणीत ठेवले आणि तेथून सुमारे १५० स्टेडिया अंतरावर, वनराईने झाकलेल्या बेटाच्या आडोशाने, वादळी रात्री नदी पार केली. गवत भरलेल्या कातड्यांचे तराफे आणि सुटे भाग करून आणलेल्या नावा त्याने वापरल्या. त्याच्याबरोबर सुमारे ५,००० घोडदळ आणि ६,००० च्या आसपास पायदळ होते.

येथेही फौज दोन काठांवर विभागली गेली होती. मात्र ही विभागणी योजनापूर्वक केलेली होती व तिने शत्रूला संभ्रमात टाकले. राक्षसभुवनला तीच विभागणी निजामाच्या नाशास कारण झाली. नदी एकच कार्य करते. फरक पडतो तो पुढाकार कोणाच्या हाती आहे यामुळे. हा तुलनात्मक निष्कर्ष चरित्रकेंद्री कथनातून निघू शकत नाही.

एरियनची खरी महत्ता मात्र साधनांच्या हाताळणीत आहे. तो घटनेनंतर सुमारे साडेचारशे वर्षांनी लिहीत होता. पोरसच्या मुलाने किती बळ घेऊन प्रतिकार केला याविषयी ॲरिस्टोबुलस ६० रथ सांगतो, तर टॉलेमी २,००० घोडेस्वार आणि १२० रथ सांगतो. एरियन दोन्ही मते देतो, तिसऱ्या प्रकारच्या हकिकतीही नोंदवितो आणि टॉलेमीचे म्हणणे का अधिक संभवनीय आहे याचे कारण देतो. असे असूनही त्याच्याच ग्रंथात एक विसंगती राहिली आहे : नदीच्या पुराचे वर्णन करताना तो उन्हाळ्यातील अयनान्ताचा काळ सांगतो, तर लढाईची तिथी अथेन्सच्या पंचांगानुसार वसंत ऋतूतील महिन्यात देतो. ही विसंगती आजच्या अभ्यासकाच्या लक्षात येते, कारण एरियनने दोन्ही गोष्टी नोंदविल्या आहेत.

राक्षसभुवनविषयी पुण्याकडील मराठी पत्रे, पटवर्धन दप्तर आणि 'तुजुक-इ-आसफिया'सारख्या निजामी दरबाराशी संबंधित फारसी तवारिखा अशी निरनिराळ्या पक्षांची साधने आहेत. विजयी पक्षाच्या पत्रात विजयाचे वर्णन उत्कट असणे स्वाभाविक आहे. रघुनाथरावांची सुटका, विठ्ठल सुंदरचा मृत्यू, निजामाची हतबलता हे तीन प्रसंग प्रत्येक साधनात कसे येतात, कोठे गाळले जातात, याचा तक्ता मांडला तर कथनातील निश्चित भाग आणि अलंकृत भाग वेगळे करता येतील. सर्व साधनांचे मिश्रण करून एकच गुळगुळीत हकिकत तयार करणे हे सोपे आहे. परंतु ते एरियनच्याही मागे जाणे होय.

थुसिडिडीसचा निकष : पराभूतांची बाजू

थुसिडिडीस हा अथेन्सचा सेनापती होता. इ.स.पू. ४२४ मध्ये ॲम्फिपोलिस हातचे गेल्यामुळे त्याला वीस वर्षे परागंदा व्हावे लागले आणि त्यामुळेच दोन्ही पक्षांची माहिती मिळविणे त्यास शक्य झाले. सिसिलीतून माघार घेणाऱ्या अथेन्सच्या सैन्याचा असिनारस नदीवर झालेला संहार (इ.स.पू. ४१३) त्याने वर्णिला आहे. तहानेने व्याकूळ झालेले सैनिक शिस्त विसरून पात्रात उतरतात, पैलतीरावरून शस्त्रांचा वर्षाव होतो आणि चिखल व रक्त मिसळलेल्या पाण्यासाठीही ते आपसांत झगडतात. निशियस शरण जातो. पुढे सात हजारांहून कमी नसलेले युद्धकैदी सिराक्यूजच्या दगडखाणींत डांबले जातात. येथे नायक कोणीही नाही. नदीच्या पात्रात सापडलेला सामान्य सैनिक हाच विषय आहे.

राक्षसभुवनच्या दक्षिण काठावर पाठीशी भरलेली गोदावरी आणि समोर मराठी फौज अशा अवस्थेत असलेले सैनिक कोण होते? त्यांत मराठवाड्यातील खेड्यापाड्यांतील शिलेदार, बारगीर, प्यादे, तेलंग व दख्खनी मुसलमान शिपाई, बुणग्यातील स्त्री-पुरुष असणार. प्रचलित कथनात ते 'निजामाचे सैन्य' या दोन शब्दांत संपतात. जॉन कीगन यांनी १९७६ च्या 'द फेस ऑफ बॅटल' या ग्रंथात सेनापतीऐवजी सैनिकाच्या अनुभवाकडे युद्धेतिहासाचे लक्ष वळविले; परंतु ही दृष्टी बीजरूपाने थुसिडिडीसमध्ये आहे.

स्वकीय-परकीय आणि 'निर्णायक' या संज्ञांची तपासणी

राक्षसभुवनचे कथन पुष्कळदा स्वकीय विरुद्ध परकीय अशा चौकटीत केले जाते. या चौकटीला तथ्यांचा आधार नाही. निजामाच्या बाजूने लढताना मारला गेलेला दिवाण विठ्ठल सुंदर हा मराठी ब्राह्मण होता. भोसले व पटवर्धन ही मराठी घराणी त्या पक्षास जाऊन मिळाली होती आणि त्यांच्या जाण्यामागे वतने, मुलूख व पुण्यातील गटबाजी ही कारणे होती. ग्रीकांनाही हे द्वंद्व पूर्णपणे टिकविता आले नाही. हिरोडोटस ग्रीक व इराणी असा भेद करतो, परंतु इ.स.पू. ४७९ मध्ये प्लाटियाच्या रणांगणावर थीब्जचे ग्रीक इराण्यांच्या बाजूने लढले हे तो लपवीत नाही.

दुसरी संज्ञा 'निर्णायक लढाई' ही होय. एडवर्ड क्रीझी यांच्या १८५१ मधील ग्रंथाने मॅरेथॉनपासून वॉटर्लूपर्यंत पंधरा निर्णायक लढाया निवडल्या आणि ही कल्पना रूढ केली. ती राक्षसभुवनला सरसकट लावता येत नाही. निजामाचे राज्य या पराभवानंतरही टिकले. ११ मार्च १७९५ रोजी खर्डा येथे पुन्हा मोठी लढाई झाली आणि बीडसह मराठवाडा १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हैदराबाद संस्थानात राहिला. चुलत्या-पुतण्यांचा प्रश्नही येथे मिटला नाही. त्यासाठी १७६८ ची धोडपची लढाई व्हावी लागली. मग राक्षसभुवनने काय साधले? पानिपतनंतर मराठी सत्ता मोडली हा समज या लढाईने खोटा ठरविला, माधवरावांना फौजेत प्रतिष्ठा मिळवून दिली आणि दक्षिणेतील सत्तेचा तोल काही काळ पुण्याकडे झुकविला. हे यश मोठे आहे. ते अचूक शब्दांत मांडल्याने लहान होत नाही.

काय स्वीकारू नये

ग्रीक-रोमन पद्धतीचा आदर्श डोळे झाकून घेणे हेही चिकित्सेला धरून होणार नाही. थुसिडिडीसने सेनापतींच्या तोंडी घातलेली भाषणे प्रसंगाला उचित अशी रचलेली आहेत, हे त्याने स्वतःच मान्य केले आहे. लिव्हीचा रोमन अभिमान त्याच्या वर्णनाला वारंवार वळण देतो. सीझरने स्वतःविषयी तृतीयपुरुषी लेखन करून आत्मसमर्थनाला वस्तुनिष्ठतेचा पेहराव दिला. शिवाय एकाच दिवसात समोरासमोर निकाल लावण्याची ग्रीक पायदळाची कल्पना गनिमी काव्याला, रसद तोडण्याला आणि मुलूखगिरीला लागू पडत नाही. १७६३ ची मोहीम कित्येक महिने चालली. लढाई हा तिचा केवळ शेवट होता. मुलूख लुटला गेला त्या रयतेचा हिशेब ग्रीक नमुन्यात बसत नाही. त्यासाठी मराठी दप्तरातील जमाखर्चाचे व नुकसानीचे कागदच पाहावे लागतात.

स्थानिक संशोधनाची दिशा

या चर्चेतून बीड जिल्ह्यातील महाविद्यालयांसाठी एक व्यवहार्य कार्यक्रम सुचतो. पुण्यातील मोडी दप्तर आणि हैदराबादेतील फारसी साधने या दोहोंपासून हा जिल्हा दूर आहे. परंतु रणभूमी येथे आहे. इतिहास, भूगोल आणि मराठी या तीन विभागांनी एकत्र येऊन नदीचे जुने उतार, काठाची उंची, पात्राची रुंदी, जुन्या वाटा, समाधी, वीरगळ आणि गावोगावच्या आठवणी यांची नोंद करता येईल. मात्र आजची गोदावरी ही १७६३ ची गोदावरी नव्हे. १९७६ मध्ये पूर्ण झालेल्या पैठणच्या जायकवाडी धरणामुळे खालच्या पात्रातील पुराचे स्वरूप बदलले आहे आणि वाळूउपशाने काठांची ठेवण बदलते आहे. म्हणून आजचे मोजमाप जुन्या नकाशांशी आणि महसुली कागदांशी ताडून पाहणे आवश्यक आहे. हे काम लांबणीवर टाकण्यासारखे नाही. कारण दप्तरखान्यातील कागद जपले जातात, नदीचा काठ जपला जात नाही.

निष्कर्ष

१. राक्षसभुवनचे प्रचलित कथन चरित्र व तह या दोन केंद्रांभोवती फिरते. त्यामुळे विजयाची लष्करी कारणे अस्पष्ट राहतात.

२. पावसाळ्यातील गोदावरी आणि तिच्यामुळे विभागलेली फौज हे या लढाईच्या निकालाचे मुख्य स्पष्टीकरण आहे. माधवराव-रघुनाथरावांचे कर्तृत्व या संधीचा उपयोग करण्यात आहे.

३. पॉलिबियसची भूमिमापनाची, एरियनची साधनतुलनेची आणि थुसिडिडीसची पराभूतांकडे पाहण्याची दृष्टी मराठी युद्धेतिहासाला उपकारक आहे. राजवाडे-शेजवलकर परंपरेशी ती सुसंगतच आहे.

४. स्वकीय-परकीय आणि निर्णायक लढाई या दोन्ही चौकटी राक्षसभुवनच्या तथ्यांशी जुळत नाहीत.

५. रणभूमीचे सर्वेक्षण हे स्थानिक अभ्यासकांचे विशेष क्षेत्र आहे व ते त्यांनीच हाती घेणे इष्ट आहे.

ज्या समाजाचे पूर्वज एकाच नदीच्या दोन्ही काठांवर आणि दोन्ही फौजांत होते, त्या समाजाला एकतर्फी विजयगाथेने आपला भूतकाळ पूर्ण कळणार नाही. गोदाकाठच्या विद्यार्थ्याला दोन्ही काठांवरून ही लढाई पाहता आली, तर इतिहासाच्या अध्यापनाचे प्रयोजन सफल होईल.